डॉल्फिन बघायचेत, पण किती जवळून? वेळणेश्वरच्या समुद्रापासून गालापागोसपर्यंतचा हिशोब

दिवाळी किंवा नाताळची सुट्टी लागली की मोबाईलवर कोकण सुरू होतं. दापोली, मुरुड, कर्दे, गुहागर. होडीत लाइफ जॅकेट घालून बसलेली मंडळी, मागे इंजिनाचा आवाज, "तो बघ, तो बघ" असा ओरडा आणि पाण्यातून क्षणभर वर आलेली करडी पाठ. पंधरा सेकंदांचं रील संपतं. खाली कमेंट्स येतात: कुठे आहे हे? किती घेतात? नक्की दिसतात का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. "नक्की दिसतात का?" याला होडीवाल्याने "हो, नक्की दाखवतो" असं उत्तर दिलं की पुढचं सगळं त्या एका वाक्यावर ठरतं. कारण समुद्रातलं जनावर ठरल्या वेळेला, ठरल्या जागी येत नाही. ते दाखवायचंच असेल तर त्याच्या मागे जावं लागतं. आणि मागे जाणं आणि पाठलाग करणं यातली रेघ फार बारीक आहे.

जगात काही ठिकाणी ही रेघ नियमांनी आखून दिलेली आहे. आपल्या कोकणात ती अजून बरीचशी होडीवाल्याच्या समजुतीवर आणि पर्यटकाच्या हट्टावर सोडलेली आहे. आता कोकणच्या समुद्रात मोठ्या प्रवासी बोटींची चर्चा सुरू झाली आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेण्याची हीच वेळ आहे.

वेळणेश्वरपासून का सुरुवात?

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातलं गाव. महादेवाचं देऊळ, नारळी-पोफळीच्या बागा आणि समोर शांत किनारा. महाशिवरात्रीला गर्दी होते, एरवी गाव आपल्या गतीने चालतं. उत्तरेला वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. दक्षिणेला शास्त्री नदी जयगडच्या खाडीतून. म्हणजे हा सगळा किनारा दोन मोठ्या खाड्यांच्या मध्ये आहे.

खाडीच्या तोंडाशी नदीचा गाळ आणि समुद्राचं पाणी एकत्र येतं. तिथे लहान मासळी भरपूर असते. मासळी असते म्हणून मच्छीमार असतात, आणि त्याच मासळीसाठी डॉल्फिनही येतात.

दुसरी गोष्ट इथल्या खडकाची. वेळणेश्वरहून थोडं दक्षिणेला हेदवी लागतं. तिथली बामणघळ अनेकांनी पाहिली असेल. भरतीच्या वेळी लाट खडकातल्या अरुंद घळीत शिरते आणि पाणी उंच उसळतं. तो काळा खडक म्हणजे बेसाल्ट, थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं, त्याचीच ही पश्चिमेकडची कड.

हा लाव्हा जिथून आला ती पृथ्वीच्या पोटातली तप्त जागा आजही जिवंत आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि ती जागा मागे राहिली. आज तिच्यावर हिंदी महासागरातलं रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही धगधगतो. शेजारचं मॉरिशसही त्याच जागेतून वर आलेलं. एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी बरीच कोकणातली होती. म्हणजे माणसंही इथलीच गेली आणि पायाखालचा खडकही नात्यातलाच निघाला!

मॉरिशसचा उल्लेख इथे उगाच केलेला नाही. डॉल्फिन पर्यटन हाताबाहेर जायला लागलं की काय होतं, हे त्या बेटाने अनुभवलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

या समुद्रात दिसतं तरी काय?

रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा कुबडवाला डॉल्फिन असतो. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, म्हणून हे नाव. हिंदी महासागरातली ही जात आययूसीएनच्या यादीत 'संकटग्रस्त' गटात आहे. हा प्राणी खोल समुद्रात फार जात नाही. उथळ पाणी, खाडीची तोंडं, किनाऱ्यालगतचा पट्टा हेच त्याचं घर. म्हणूनच तो आपल्याला दहा-पंधरा मिनिटांच्या होडीच्या फेरीत दिसू शकतो.

पण त्यामुळेच तो अडचणीतही येतो. किनाऱ्याजवळ जाळी आहेत, मासेमारीच्या होड्या आहेत, बंदरं आहेत, शहरांचं सांडपाणी आहे आणि आता पर्यटकांच्या होड्याही आहेत. याला पळून जायला दुसरी जागा नाही. शिवाय याची वाढ फार सावकाश होते. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दोन पिलांमध्ये काही वर्षांचं अंतर असतं. एक पिल्लू गेलं की ती तूट लवकर भरून निघत नाही.

याशिवाय इथे परपॉइज म्हणजे डॉल्फिनचा लहानखुरा, पाठीवर पर नसलेला भाऊबंद दिसतो. आकाशात पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घिरट्या घालतो. आणि क्वचित देवमासाही येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं होतं. वनविभाग, तटरक्षक दल, स्थानिक मच्छीमार आणि गावकरी यांनी जवळपास दोन दिवस धडपड करून त्याला समुद्रात नेलं. ते वाचलं नाही. पण आपल्या समोरच्या पाण्यात किती मोठे जीव वावरतात, हे त्या दोन दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आणि अर्थातच ऑलिव्ह रिडले कासव. २७ जानेवारी २०२५ ला गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. तिच्या परावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर लावलेली होती. ती मादी सुमारे ३,५०० किलोमीटरचा समुद्र पार करून आपल्याकडे आली होती. तिने १२० अंडी घातली आणि त्यातून १०७ पिल्लं बाहेर आली. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी, अशी जी समजूत होती तिला या एका मादीने धक्का दिला.

उलट दिशेचा प्रवासही नोंदलेला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं होतं, गुहा आणि बागेश्री. त्यातली बागेश्री केरळ, श्रीलंका असं करत बंगालच्या उपसागरात पोहोचली. म्हणजे गुहागरच्या वाळूत जे घडतं त्याचा परिणाम पार ओडिशा आणि श्रीलंकेपर्यंत जातो.

एक्स्पिडिशन क्रूझ म्हणजे काय आणि तिथले नियम कसे असतात?

आता थोडं जगाकडे बघू. साधी क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. जेवण, नाचगाणं, पोहण्याचा तलाव. एक्स्पिडिशन क्रूझ वेगळी. जहाज लहान असतं, सोबत निसर्गतज्ज्ञ असतात आणि दुर्गम बेटांजवळ थांबून रबरी होड्यांतून प्रवाशांना प्राणी-पक्षी दाखवायला नेतात. गालापागोस, अंटार्क्टिका, दक्षिण अटलांटिकमधली बेटं ही त्यांची आवडती ठिकाणं. यातली कितीतरी बेटं ज्वालामुखीतून वर आलेली आहेत.

गालापागोस हा द्वीपसमूह इक्वाडोर देशाचा, किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर आत. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन इथे आला होता. १९५९ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. मग पर्यटक वाढत गेले, वस्ती वाढली, बाहेरचे प्राणी-वनस्पती आले. २००७ मध्ये युनेस्कोने गालापागोसला 'धोक्यातल्या वारशां'च्या यादीत टाकलं. २०१० मध्ये ते नाव काढलं गेलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ठिकाणालाही एकदा ठेच लागलेली आहे.

आज तिथले नियम असे आहेत:

• एका जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी.
• बेटावर उतरायचं तर परवानाधारक वाटाड्याशिवाय नाही. एका वाटाड्यामागे साधारण १६ माणसं.
• प्राण्यापासून किमान २ मीटर अंतर. प्राणी स्वतः जवळ आला तर आपण मागे सरायचं.
• फ्लॅश नाही, खायला घालणं नाही, आखलेली वाट सोडणं नाही.
• जहाज कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर जाणार हे उद्यान ठरवतं. एकाच जागी १४ दिवसांच्या आत पुन्हा जाता येत नाही.
• १ ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पर्यटकांसाठी प्रवेश शुल्क १०० वरून २०० डॉलर झालं.

अंटार्क्टिकातही असंच आहे. तिथे सहल कंपन्यांनीच १९९१ मध्ये एकत्र येऊन संघटना काढली. एका वेळी एका जागी १०० पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत. ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही. प्राण्यांपासून ५ मीटर लांब राहायचं. हे नियम आधी धंदा करणाऱ्यांनी स्वतःसाठी केले. कारण साधं होतं: पेंग्विन निघून गेले तर जहाजं कुणासाठी चालवणार?

आपल्यासाठी यातला मुद्दा डॉलरचा नाही. मुद्दा असा की या नियमांत "नक्की दाखवतो" हे आश्वासन कुठेच नाही. माणसं किती, अंतर किती, वेळ किती, एवढंच ठरवलेलं आहे. प्राणी दिसणं हे नशिबावर सोडलेलं आहे.

थोडं जवळ गेलं तर असं काय बिघडतं?

हा प्रश्न खरा आहे. होडीने डॉल्फिन मरत नाही, मग एवढा गाजावाजा कशाला?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या ठिकाणाहून मिळतं. तिथल्या डॉल्फिनचा अभ्यास कित्येक वर्षं सुरू आहे. एक एक डॉल्फिन परावरच्या खुणांवरून ओळखता येतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की पर्यटनाच्या भागात सहल बोटी एकावरून दोन झाल्यावर तिथल्या डॉल्फिनची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटली. शेजारच्या, पर्यटन नसलेल्या भागात अशी घट नव्हती. लक्षात घ्या, फक्त दोन बोटी. आणि त्याही परवाना असलेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारने एक परवाना कमी केला.

असं का होतं? डॉल्फिनसाठी आवाज म्हणजे डोळे. तो आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो. गढूळ पाण्यात, जसं आपल्या खाडीच्या तोंडाशी असतं, तिथे डोळ्यांचा उपयोग कमीच. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. चार होड्यांची इंजिनं एकदम जवळ आली की त्याच्यासाठी ते भर बाजारात चार डीजे एकत्र लावल्यासारखं होतं. अशा वेळी तो शिकार थांबवतो, खोल बुडी मारतो, कळप विखुरतो. पिल्लू असलेली आई सगळ्यात जास्त त्रासते, कारण पिलाला श्वासासाठी वारंवार वर यावं लागतं.

एका फेरीने काही होत नाही. पण सुट्टीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या चालल्या तर त्या कळपाला खायला आणि विसावायला वेळच उरत नाही.

मॉरिशसमध्ये हेच झालं. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, शांत पाण्यात झोप काढायला येतात. पर्यटकांच्या होड्या नेमक्या सकाळीच निघतात. म्हणजे ज्याला आपण "डॉल्फिन किती मस्त खेळतायत" म्हणतो, ते बऱ्याचदा झोपमोड झालेले डॉल्फिन असतात. हवाई या दुसऱ्या ज्वालामुखी बेटांवरही हीच अडचण होती. तिथे २०२१ मध्ये अमेरिकेने स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जायला बंदी घातली. पोहत असा, होडीत असा किंवा ड्रोन उडवत असा, नियम एकच.

आपला कायदा काय म्हणतो?

कोकणातले डॉल्फिन, देवमासे आणि ऑलिव्ह रिडले कासव हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना.

या कायद्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मारणं, पकडणं एवढंच त्यात नाही. वन्य प्राण्याला पिटाळणं, त्याला आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे. म्हणजे कासवाच्या घरट्यात हात घालून व्हिडिओ काढणं हा गमतीचा विषय नाही.

किनाऱ्याचंही तसंच. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात संवेदनशील गटात येतात. तरी गाडी वाळूत घालून लाटांच्या कडेने पळवण्याचे व्हिडिओ दर सुट्टीत दिसतातच. वाळूत अर्धा-एक हात खाली अंडी असतील हे चालवणाऱ्याच्या डोक्यातही नसतं.

पण कायदा मोठा असला तरी रोजच्या प्रश्नांना तो पुरत नाही. डॉल्फिनपासून होडी किती लांब ठेवायची? एका कळपाभोवती किती होड्या? किती मिनिटं? ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचनांत याची थेट उत्तरं आहेत. डॉल्फिनपासून ५० मीटर, मोठ्या देवमाशापासून १०० मीटर, पिल्लू असेल तर आणखी लांब, आणि जवळच्या पट्ट्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी नाहीत. होडीवाल्याला लक्षात ठेवायला सोपे आणि पर्यटकालाही समजणारे आकडे.

हे आपल्याला जमेल का? वेळासने जमवून दाखवलंय

"हे सगळं परदेशात ठीक आहे" असं म्हणण्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातलंच उदाहरण बघू. मंडणगड तालुक्यातलं वेळास.

तिथे एकेकाळी कासवांची अंडी काढून विकली आणि खाल्ली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीने काम सुरू केलं. ज्यांना घरटी शोधण्याची नजर होती, त्यांच्याच मदतीने घरटी वाचवायला सुरुवात झाली. अंडी काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा वाळूत ठेवायची, साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं आली की समुद्रात सोडायची.

२००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पर्यटक आले, गावातल्या घरांत राहू लागले, घरगुती जेवण जेवू लागले. अंडी विकून जेवढे पैसे मिळत, त्याच्या कितीतरी पट पैसे कासव जिवंत ठेवून मिळू लागले. पुढे अंजर्ले आणि इतर गावांनीही ही वाट धरली. याच विषयाच्या भोवती फिरणाऱ्या 'कासव' या मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं.

वेळासच्या पद्धतीत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, प्राण्याच्या वेळेने माणसाने यायचं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा हजर राहायचं. दुसरी, दोरीच्या मागे उभं राहायचं आणि पिल्लाला हात लावायचा नाही. तिसरी, पिल्लं आली नाहीत तर नाही. त्या दिवशी पर्यटक निराश होतो, पण गावाला पैसे राहण्या-जेवणाचे मिळालेले असतात. म्हणून कुणाला जबरदस्तीने काही "दाखवायची" गरज पडत नाही.

डॉल्फिनच्या फेरीत नेमकं हेच उलटं आहे. तिथे पैसे फक्त दिसण्याचे असतात. फेरी छोटी, डिझेल महाग, पुढचं गिऱ्हाईक किनाऱ्यावर थांबलेलं. अशा वेळी होडीवाला घाई करणारच. त्याला दोष देऊन भागत नाही, हिशोबच तसा बसवलेला आहे.

शिवाय हेही विसरू नये की समुद्रातल्या प्राण्यांना वाचवण्यात मच्छीमारांचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात एक योजना आहे. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. या योजनेत कासवं, डॉल्फिन, देवमासे आणि व्हेल शार्क अशांना जीवदान मिळालेलं आहे. ज्याने स्वतःचं जाळं कापलं तो माणूस डॉल्फिनचा शत्रू नक्कीच नाही.

आता घाई कशाची?

कारण समुद्रातली वाहतूक वाढणार आहे. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. २०२९ पर्यंत देशातली क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायचं त्यात ठरलं आहे. मुंबई-गोवा क्रूझ २०१८ पासून कोकणी माणसाच्या ओळखीची आहेच. २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला जाणाऱ्या रो-रो सेवेची घोषणा केली. ताशी २५ नॉट, म्हणजे सुमारे ४६ किलोमीटर वेगाची बोट.

जयगड म्हणजे वेळणेश्वरच्या दक्षिणेची खाडी. मुंबईहून जयगडला जाणारी कुठलीही बोट वेळणेश्वरच्या समोरूनच जाणार. शिवाय जयगडला मोठं मालवाहू बंदर आहे आणि उत्तरेला दाभोळच्या तोंडाशी एलएनजीची जहाजं येतात.

यात वाईट काही नाही. एकेकाळी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत जाणाऱ्या आगबोटींनीच कोकणी माणूस मुंबईला पोहोचला. मुंबई-गोवा महामार्गाची रखडपट्टी सोसलेल्या कुणालाही बोट हवीच असते. पण वेगवान बोट आणि मोठा सागरी जीव यांची टक्कर हा जगभरचा ओळखीचा प्रश्न आहे. अमेरिकेने पूर्व किनाऱ्यावर २००८ पासून ठराविक काळात, ठराविक पट्ट्यात मोठ्या जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा घातली, ती देवमाशांसाठीच. म्हणून खाड्यांच्या तोंडाशी वेग किती ठेवायचा, कासवांच्या विणीच्या हंगामात किनाऱ्यापासून किती लांबून जायचं, हे प्रश्न मार्ग सुरू होतानाच विचारायला हवेत. नंतर विचारले की उत्तर ठरलेलं असतं: "आता वेळापत्रक बदलता येत नाही."

मग नेमकं काय करता येईल?

गावाच्या पातळीवर सुरुवात सोपी आहे. होडीवाल्यांची संघटना, ग्रामपंचायत आणि वनविभाग यांनी बसून चार आकडे ठरवायचे. अंतर ५० मीटर. एका कळपाजवळ एका वेळी जास्तीत जास्त दोन-तीन होड्या. प्रत्येक होडीला दहा-पंधरा मिनिटं. पिल्लू दिसलं तर लगेच मागे. हे आकडे जेटीवर मोठ्या अक्षरात लावायचे, म्हणजे पर्यटकाने "अजून जवळ घ्या" म्हटलं की होडीवाल्याला फलकाकडे बोट दाखवता येईल. आज त्याच्याकडे नाही म्हणायला आधारच नाही.

दुसरं, फेरी फक्त डॉल्फिनची ठेवायची नाही. खाडी, कांदळवन, समुद्री गरुडाचं घरटं, बामणघळीसारख्या खडकांची गोष्ट, किल्ल्याचं समुद्रातून दर्शन, मासेमारीची पद्धत असं सगळं मिळून दीड-दोन तासांची "समुद्र सफर" केली तर भाडंही जास्त मिळेल आणि डॉल्फिन दिसलाच पाहिजे हा ताणही जाईल. गालापागोसचा वाटाड्या हेच करतो. फरक एवढाच की आपल्याकडे वाटाड्या आधीच तयार आहे. वीस-तीस वर्षं समुद्रात काढलेला मच्छीमार कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगू शकतो. त्याला थोडं प्रशिक्षण आणि योग्य मोबदला एवढंच हवं.

आणि आपण? फोन हातात असलेल्या प्रत्येकाला हे जमण्यासारखं आहे:

• होडी ठरवताना "नक्की दाखवाल ना?" असं विचारू नका. "लांबूनच दाखवा, घाई नाही" असं आधीच सांगा.
• डॉल्फिन दिसले की इंजिन मंद करायला किंवा बंद करायला सांगा. शांत होडीजवळ ते बऱ्याचदा स्वतःच येतात. तो व्हिडिओ पाठलागाच्या व्हिडिओपेक्षा कधीही चांगला येतो.
• त्यांच्या समोरून होडी आडवी घालू नका, कळपाच्या मधून जाऊ नका. बाजूने, त्यांच्याच दिशेने चाला.
• कासवाचं घरटं किंवा अंडी घालणारी मादी दिसली तर टॉर्च आणि फ्लॅश बंद. नेमकं ठिकाण पोस्टवर टाकू नका, वनविभागाला कळवा.
• गाडी वाळूत नेऊ नका. गाडी रुतली की तुमची फजिती, घरटं चिरडलं की शंभर पिल्लं गेली.
• पाठलागाचं रील दिसलं तर शिव्या देण्यापेक्षा एक ओळ लिहा: "एवढ्या जवळ जाऊ नका, त्यांना त्रास होतो." बघणाऱ्या दहा जणांना तरी कळेल.

शेवटी मुद्दा कुणाच्या नुकसानीचा आहे?

गालापागोसला जाणारा पर्यटक लाखो रुपये मोजतो, तरी दोन मीटर लांब उभा राहतो आणि त्याबद्दल तक्रार करत नाही. उलट "तिथे किती शिस्त आहे" असं कौतुकाने सांगतो. तोच माणूस कोकणात काहीशे रुपयांच्या होडीत बसला की "भाऊ, अजून थोडं जवळ" म्हणतो. माणूस तोच, समुद्रही तसाच. फरक फक्त नियम लिहिलेले असण्याचा.

वेळणेश्वरसारख्या गावांचा फायदा असा की इथे अजून गर्दीने सगळं व्यापलेलं नाही. गालापागोसला धोक्याच्या यादीत जाऊन शहाणपण आलं, शार्क बेला डॉल्फिन कमी झाल्यावर. आपल्याला दुसऱ्यांची ठेच बघून शहाणं होता येतं. आणि खर्च फार नाही: चार आकडे, एक फलक आणि "आज नाही दिसले, पुन्हा या" असं म्हणण्याची मोकळीक.

डॉल्फिन दुसरीकडे गेले तर पर्यटक दुसरा किनारा शोधेल, त्याचं काही अडत नाही. होडीवाल्याला मात्र दुसरा समुद्र नाही.